चांगल्या आयुष्याला अनुमोदक

जगात तत्त्ववेत्ते पुष्कळ होऊन गेले, पण आपलं तत्त्वज्ञान सोसायटीच्या वार्षिक सभेत रीतसर मंजूर करून घ्यायला निघालेला माणूस आमच्या सेक्रेटरींखेरीज दुसरा झाला नसेल. नव्वद सालानंतरची ती वर्षं. नेरूळच्या आमच्या चार मजली इमारतीत सगळेच नव्याने राहायला आलेले. कुणाला छताच्या गळतीची चिंता, कुणाला स्कूटर लावायच्या जागेची. सेक्रेटरींना चिंता एकच, चांगलं आयुष्य म्हणजे नक्की काय? रबाळ्याच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. तिथे साधा नटसुद्धा वर्णन लिहिल्याशिवाय आत घेत नाहीत, मग आयुष्य कसं घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते रद्दीवाल्याकडून किलोवर तत्त्वज्ञानाची पुस्तकं आणत, त्यातलं एक मत वर्षभर घरात राबवून बघत आणि मग सभेत ठराव म्हणून मांडत. सूचक ते स्वतः. गाडी अडायची ती अनुमोदकापाशी. हात वर करायला कुणी तयारच नसे.

पहिलं वर्ष गरजा कमी करण्याचं. आधी खुर्च्या गेल्या, मग टेबल, मग पंखा. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहायचो. एकदा सहज वर गेलो, तर त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, रिकाम्या हॉलच्या मधोमध मेथी निवडत बसल्या होत्या. "बसा ना भावजी," त्या म्हणाल्या, "भिंत कुठलीही घ्या." चहा एकाच कपातून आला, कारण दुसरा कप ही गरज नसून हाव होती. तो आम्ही तिघांनी आळीपाळीने प्यायला.

पुढल्या वर्षी वेगळं पुस्तक हाती लागलं आणि सुख हेच अंतिम ध्येय ठरलं. फर्निचर परत आलं. नाश्त्याला श्रीखंड आणि दुपारी डुलकी सुरू झाली, तीही कारखान्यात. त्याबद्दल मेमो मिळाला तो त्यांनी हसतमुखाने वाचला. डॉक्टरांनी साखर बंद केली तेव्हा कुठे ते सुख आवरलं.

पण कहर झाला तो संशयाच्या वर्षी, म्हणजे डोळ्यांनी दिसलं तरी खरं मानायचं नाही या मताच्या वर्षी. आमचा वॉचमन जवळच्याच गावचा. एका सकाळी तो धावत आला.

"सायेब, टाकीन पानी नाय!"

"नाही, असं तुला वाटतं," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले.

"मी वाकून बगलंय, सायेब!"

"डोळे फसवतात, बाबा."

पुढचे तीन दिवस अख्खी इमारत बादल्या घेऊन शेजारच्या सोसायटीत फिरत होती. त्या वर्षीच्या सभेत त्यांना काढायचाच ठराव आला, आणि त्याला अनुमोदक मात्र चौदा मिळाले. सेक्रेटरी व्हायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून ते वाचले.

आम्ही सगळेच हसायचो, मी तर जरा जास्तच. एकदा जिन्यात त्यांनी मला गाठलं. "हसा हो. पण मला जे पटतं ते शहाणपण की वेड, हे मी एकट्याने कसं ठरवू? एक तरी हात वर व्हायला नको?" मी "बघू, बघू" म्हणत सटकलो.

कारखान्यातून निवृत्त झाल्यानंतरच्या सभेत ते पुस्तकाशिवाय उभे राहिले. "ठराव असा, की संध्याकाळी गच्चीवर बायकोशेजारी बसून चहा प्यावा, आणि तो संपेपर्यंत तिला काहीही समजावून सांगू नये."

हशा पिकला. "अनुमोदक?" अध्यक्षांनी सवयीने विचारलं आणि रंगकामाचा कागद पुढे ओढला. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक हात वर आला. वहिनींचा.

अध्यक्ष अवघडले. "वहिनी, तुमी मेंबर नाही ना. फ्लॅट यांच्या एकट्याच्या नावावर. रूल म्हणजे रूल. मेंबरपैकी कोणी आहे काय?"

मी छताकडे बघत बसलो. वहिनींचा हात मात्र खाली येईना. सेक्रेटरी तिकडे बघत राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, "नामंजूर लिहा, अध्यक्ष. मला पाहिजे तो हात मिळाला."

वर्षभरात दोघं खांदेश्वरला मुलाकडे राहायला गेली. एखादा प्रश्न त्यांच्याइतका जिवाला लावून घेणारं माणूस आमच्या इमारतीत पुन्हा आलं नाही. परवा बायकोला मी म्हटलं, "त्यांचा तो शेवटचा ठराव मला अगदी मनापासून पटला होता."

"मग हात का नाही वर केलात?" तिने विचारलं.

लोक हसतील म्हणून. एवढंच उत्तर होतं, आणि ते द्यायची मला लाज वाटली.