आईनं दवाखान्यात सांगितलं ते

माझी आई चतुराबाई खुलताबादची. सीताफळांच्या पाट्या गाडीत घालून घाट उतरायची, औरंगाबादच्या बाजारात बसायची आणि हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याच्याच उर्दूत ऐकवायची. मुलुख तेव्हा निजामाचा.

तिच्या छातीत गाठ आली तेव्हा मी जाणती होते. गाठ दुखत नव्हती, तरी ती सरकारी दवाखान्यात गेली. सोबत मी आणि आजी, म्हणजे तिची सासू. जोहरा डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "माहेरी कुणाला असं काही झालं होतं?"

आजीनं आईचा हात दाबला. आईच्या धाकट्या बहिणीची, भागूमावशीची सोयरीक जुळत आली होती. घराण्यात रोग आहे असं बाहेर गेलं असतं तर ती मोडली असती.

आईनं हात सोडवून घेतला. मग म्हणाली, "व्हय, झालं होतं. माझ्या आईला. मावशीलाबी. दोघींनी पदराखाली झाकून ठिवलं. गाठ फुटली तवा घरात कळलं. दोघीबी गेल्या."

"चतुरा!" आजी ओरडली.

आई तिच्याकडे वळली. "आत्याबाई, न बोलून त्या वाचल्या का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांगितलं ते लई बरं केलं. मी थोडे दिवस वाट बघू म्हणणार होते. आता थांबायचं नाही. सरतानचा शक आहे. हैदराबादला ऑपरेशन करावं लागेल."

सरतान म्हणजे कर्करोग, हे आम्हाला तिथंच कळलं.

माझे वडील सांडू कमी बोलायचे. घरी सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "कवा निघायचं?"

हैदराबादला आईचा डावा स्तन काढला. परत आली तेव्हा हात वर जात नव्हता. भिंतीवर बोटं चढवत चढवत तिनं तो वर नेला. न्हाणीत एकदा तिला रडताना ऐकलं. बाहेर येऊन तिनं भाकऱ्या थापल्या.

मग ती स्वतः फर्दापूरला, मावशीच्या होणाऱ्या सासरी गेली आणि सगळं सांगून आली. सोयरीक मोडलीच. आजी कितीतरी दिवस आईशी बोलली नाही. पुढं मावशीचं लग्न दुसरीकडं झालं, आधी सगळं सांगून. आई दरवर्षी मावशीला आणि मला तपासायला नेई. अशीच एकदा मावशीची गाठ वाटाण्याएवढी असतानाच सापडली. मावशी वाचली.

आई म्हातारी होऊन गेली. तोवर गावच्या बाया, हिंदू काय नि मुसलमान काय, कुणाला न सांगितलेलं दुखणं तिच्यापाशी बोलायच्या. ती औषध सांगायची नाही. "ऊठ, चल," म्हणायची आणि दवाखान्यात घेऊन जायची. अशी होती माझी आई.