फूटपट्टी आणि बुधवारची गल्ली

पडदा वर जातो तेव्हा समोर एक गल्ली. रुंदी जेमतेम सात पावलं. वेळ सकाळी साडेदहाची. डाव्या हाताला लेथ मशीन घरघरतंय आणि त्यातून लोखंडाची चकचकीत कुरळी साल खाली पडतेय. उजव्या हाताला पुठ्ठ्याची खोकी इतकी उंच रचलेली, की त्यांच्यामागे दार आहे हे फक्त घरच्यांनाच ठाऊक. मधोमध दोन हातगाड्या समोरासमोर अडकल्यात आणि दोघे गाडीवाले ‘आधी तू मागे घे’ हे एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, पण तसं प्रेमानेच सांगताहेत. वरच्या मजल्यावर कपडे वाळताहेत. खाली काम, वर संसार, आणि जिन्यात दोघांची दिवसातून दहा वेळा गाठभेट.

माझी खोली पुठ्ठेवाल्या वहिनींच्या डोक्यावर. चाळीस वर्षं मी रंगमंचावर राजा झालो, चोर झालो, एका बालनाट्यात तर दोन वर्षं झाड झालो. निवृत्त झालो तसा खिडकीत खुर्ची टाकून प्रेक्षक झालो. त्या सकाळचा प्रवेश मी पहिल्या रांगेतून पाहिला, असं म्हणायला हरकत नाही.

दोन हातगाड्यांच्या फटीतून एक किडकिडीत बाई आत आली. वय चाळिशीच्या आसपास, खांद्याला कापडी पिशवी, हातात कंपास. ही नगरपालिकेत नकाशे काढायची. कचेरीत तिला सगळे फूटपट्टी म्हणत. अंगाने तशी, चालायला तशी, आणि कुणी एखादी रेघ जराशी इकडे सरकवायला सांगितली तर वाकायलाही तशीच.

“दादा, याचा स्क्रू झिजलाय. नवा करून मिळेल?” तिने लेथवाल्याला विचारलं.

“मिळेल की. पण याच महिन्यात घेऊन जा, ताई. पुढच्या महिन्यात माझी मोटर बंद.”

“का?”

“आम्हाला वरून रंग लागलाय ना. पिवळा!” लेथवाला हसला, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही.

बाईने मान वर केली. कोपऱ्यावरचा नळ पाहिला, त्यापुढचा वाकडा दिव्याचा खांब पाहिला, मग खोकी, हातगाड्या, लेथ, पलीकडच्या छापखान्याची खडखड. चेहऱ्यावरचं रक्त उतरणं म्हणजे काय, ते आम्ही रंगमंचावर पावडर लावून दाखवत असू. इथे ते बिनपावडरीचं पाहिलं. कंपास लेथवर तसाच ठेवून ती आल्या पावली निघून गेली.

आता पिवळ्याची गोष्ट सांगायला हवी. पाच वर्षांपूर्वी गावाचा नवा आराखडा झाला होता. पिवळा रंग म्हणजे राहायची घरं, निळा म्हणजे दुकानं, जांभळा म्हणजे कारखाने. आमची गल्ली पिवळी रंगली. रंगली तर रंगली, आम्ही म्हटलं, छान दिसतो पिवळा. पण मग परवाने नवे होईनात. वहिनींना पुठ्ठा कापायचं मोठं मशीन घ्यायचं होतं, तर बँकेने तोंडावर सांगितलं, घरांच्या भागात कारखान्याला कर्ज नाही. शिवणवाल्या मावशींना जास्तीची वीज मिळेना. शेवटी नोटीस आली, की अमुक ताकदीपुढच्या मोटरी बंद करा आणि नदीपलीकडे जांभळ्या पट्ट्यात जा. त्या पट्ट्यात काय होतं? सरळ रस्ते, मोठे प्लॉट, आणि पुरुषभर गवत. मावशी म्हणाल्या, “वरती माझी सासू अंथरुणाला खिळलीय. तिने हाक मारली तर मी नदी पोहून येऊ का?” दोन वर्षांत अकरा शटर पडली. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने मोठी किटली माळ्यावर टाकली आणि धाकटी काढली. गावाचं काय चाललंय ते मी त्या किटलीवरून ओळखत असे.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर फूटपट्टी परत आली. वहिनी आणि लेथवाला पायरीवर बसले होते, मी वर खिडकीत. ती उभीच राहिली.

“ही गल्ली मी मोजली होती,” ती म्हणाली. “पाच वर्षांपूर्वी. ‘निवासी’ मी लिहिलं.”

लेथवाला ताडकन उठला. “म्हणजे आमच्या पोटावर पडलेला पाय तुमचा? डोळे कुठे होते, ताई? गल्लीत शिरलं की कानठळ्या बसतात, आणि तुम्हाला इथे नुसती घरं दिसली?”

“बुधवार होता,” ती म्हणाली.

बुधवार हा आमच्या गल्लीच्या सुट्टीचा दिवस. कचेरीतली जुनी पद्धत अशी, की अरुंद रस्ता मोजायचा तो त्याच्या बंदच्या दिवशीच. फीत जमिनीवर सरळ पडली पाहिजे. मध्ये हातगाडी आली की ती वाकते, आणि वाकली की चार बोटं जास्त भरतात. तिच्या वरिष्ठांनी तिला हेच शिकवलं होतं आणि तिने ते मनापासून पाळलं. नळापासून खांबापर्यंतचं माप बिनचूक आलं. त्याच कागदावर खाली एक रकाना होता, जागेचा वापर कशासाठी होतो. तिने जे दिसलं ते इमानदारीने लिहिलं: सर्व दारे बंद, वर कपडे वाळत आहेत, सर्वत्र शांतता.

वहिनींना हसू आवरेना. “अहो, शांतता असणारच! आठवड्यातून एकदा झोपतो आम्ही.” मग लेथवाल्याकडे वळून म्हणाल्या, “खाली बस रे. ती आली तेव्हा आपण घोरत होतो. तिला काय आपल्या घोरण्यावरून धंदा कळणार होता?”

तो बसला, पण पाठ फिरवून.

त्यानंतर तीन आठवडे फूटपट्टी रोज गल्लीत दिसू लागली. सकाळी कचेरीच्या आधी दीड तास, संध्याकाळी दोन तास. या खेपेला फीत नव्हती. एक मोठा कागद, त्यावर गल्लीतली त्रेचाळीस दारं, आणि हातात तांबडी पेन्सिल. एका दारातलं काम दुसऱ्या दारात गेलं की ती एक रेघ ओढायची. लेथवाला वहिनींच्या मशीनची पाती करतो: रेघ. वहिनींची खोकी मावशींच्या शिवलेल्या कपड्यांना लागतात: रेघ. छापखाना त्या खोक्यांवर नाव छापतो: रेघ. छापखान्याचा रूळ बिघडला की परत लेथवाल्याकडे. चहावाल्याकडून तर त्रेचाळीसही दारांत रेघा गेल्या. तिसऱ्या आठवड्यात तो कागद लाल जाळ्यासारखा दिसू लागला. बंद पडलेल्या अकरा दारांच्या रेघा तिने तुटक काढल्या होत्या, आणि त्या पाहिल्यावर कुणाचा धंदा कशामुळे बसला हे लहान मुलालाही कळलं असतं. टाचण्या करणारा गेला तसं मावशींचं काम निम्म्यावर आलं होतं. इतकी वर्षं इथे राहून आमच्यापैकी कुणी हे पाहिलं नव्हतं. मी तर खिडकीतून रोज पाहत होतो!

लेथवाल्याने एका संध्याकाळी तिच्यापुढे कंपास ठेवला. स्क्रू नवा होता.

नोटिशीविरुद्धच्या आमच्या अर्जावर नगरपालिकेत सुनावणी लागली होती. तिच्या आधीच्या रविवारी दुपारी फूटपट्टी माझ्याकडे वर आली. मी चहा टाकला.

“काका, मागच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोचवायचा?”

“कशाला?”

तेव्हा सगळं कळलं. नियम असा होता: गल्लीचा रंग हा निर्णय असेल, तर तो बदलायला फायली राजधानीपर्यंत जाणार, सहा-सात वर्षं लागणार. पण मूळ नोंदच चुकलेली असेल, तर नगरपालिकेची सभा एका ठरावात ती दुरुस्त करू शकते. अट एकच, नोंद करणाऱ्याने चूक लेखी कबूल केली पाहिजे. आणि त्याच महिन्यात तिच्या मुख्य आरेखक होण्याच्या हुकमावर कचेरीतल्या मोठ्या साहेबांची सही व्हायची होती. नऊ वर्षं तिने त्या खुर्चीची वाट पाहिली होती.

“आई म्हणते, हात दाखवून अवलक्षण कशाला? नुसतं फेरपाहणी करा म्हण,” ती म्हणाली.

“बरोबरच म्हणते की.”

“फेरपाहणीला कोण जाईल, काका? आमच्याच खात्यातलं कुणीतरी. आणि कधी? बुधवारी.”

मला हसू आलं, तिला आलं नाही. बशीत चहा गार होत होता. मग मी तिला एवढंच सांगितलं, की ओरडायचं नाही. सर्वांत मागे बसलेला एक माणूस निवडायचा आणि फक्त त्याच्याशी बोलायचं. मधल्यांना आपोआप ऐकू जातं.

सुनावणी सभागृहात झाली. उंच छत, लाकडी बाकं, समोर मोठे साहेब. या आधी दोनदा आमचे लोक इथे घसा फोडून गेले होते. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. या वेळीही साहेबांनी तोच कागद वाचला. “पाहणीच्या दिवशी या गल्लीत एकही व्यवसाय चालू नव्हता. नोंद स्पष्ट आहे.”

तेव्हा नकाशांच्या टेबलामागून ती उठली. साहेबांना वाटलं नकाशा दाखवायला उठली. तिने समोर पाहिलं, थेट मागच्या बाकावर. तिथे लेथवाला बसला होता. तिने त्याला निवडलं होतं.

“ती नोंद माझी आहे,” ती म्हणाली, आणि काय सांगू, खिडकीच्या काचेला आवाज लागला. “माप बरोबर आहे, नोंद चूक आहे. गल्ली बंद असताना मी गेले होते, आणि चालू कधी असते हे मी विचारलं नाही.”

साहेब खाली वाकून हळू म्हणाले, “बाई, शब्द जपून. हे लेखी द्यावं लागेल.”

“लेखीच आणलंय, साहेब.”

कागद टेबलावर ठेवून तिने शेजारी तो लाल जाळ्याचा नकाशा उलगडला. सभासद बाकं सोडून भोवती जमले. एक म्हातारे सभासद बोटाने रेघा मोजायला लागले, मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. मी आयुष्यात पुष्कळ टाळ्या ऐकल्या, पण सभागृहात त्या दिवशी जी चिडीचूप शांतता झाली होती, तशी मला एकाही नाटकात मिळाली नाही.

ठराव झाला. आमच्या गल्लीचा पिवळा राहिला आणि त्यावर जांभळ्या तिरप्या रेघा आल्या: वर राहा, खाली काम करा. वर्षभरात वहिनींचं मशीन आलं. अकरापैकी सात शटर पुन्हा उघडली, चार कायमची गेली. चहावाल्याने मोठी किटली माळ्यावरून उतरवून घासली.

फूटपट्टीला लेखी ठपका मिळाला. मुख्य आरेखकाची खुर्ची तिच्याहून आठ वर्षांनी लहान असलेल्या माणसाला गेली, आणि तो बिचारा दर तासाला उठून तिलाच येऊन विचारायचा. वीस वर्षं ती त्याच टेबलावर बसली. मला वाईट वाटायचं, एकदा तसं बोललोही. तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी विषय बदलला. गल्लीने तिला काही द्यायचा खूप प्रयत्न केला, तिने घेतलं नाही. फक्त वहिनींनी नकाशे ठेवायला केलेलं एक लांब खोकं घेतलं, तेही आतून मोजून पाहिल्यावर. अर्ध्या बोटाने लांब निघालं. तिने तसं सांगितलं, आणि वहिनींनी दुसरं करून दिलं!

परवा गावाचा पुन्हा नवा आराखडा करायचं निघालं. मोजणीवाले आमच्या गल्लीतही येणार, असं पत्र आलं. वहिनी आता सत्तरीच्या, मी त्याच्याही पुढे गेलेला. आम्ही दोघं रिक्षा करून तिच्या घरी गेलो. पडून तिचं खुब्याचं हाड मोडलंय, ती पलंगावर आहे. खिडकीपाशी ते लांब खोकं, कोपरे झिजलेलं. वहिनींनी पत्र दिलं. तिने चष्मा लावला, वाचलं, आणि बोट तारखेवर ठेवलं.

“हा वार कुठला, काका?”

मी कॅलेंडरात पाहिलं. “बुधवार.”

तिने उठायचा प्रयत्न केला. वहिनींनी खांद्याला धरून तिला परत निजवलं. “पडून राहा, काय करायचं ते सांग.”

“त्यांना पत्र लिहा, गुरुवारी साडेदहाला या म्हणावं,” ती म्हणाली. “आणि वहिनी, त्या दिवशी एकही हातगाडी बाजूला घेऊ नका. फीत वाकडी पडली तर पडू दे.”