जैतूनबीच्या शेजारची जागा

जैतूनबी पंगतीला बसली की बुंदी कमी पडते, हे भद्रावतीत आमच्या गल्लीत सगळे धरूनच चालत. कुणाच्या घरी लग्न निघालं की आचारी आधी विचारायचा, "मणियारीण येऊन राह्यली का? मंग बुंदीचा एक घाणा वाढवा लागन." ती येणार हे ठरलेलंच असे, कारण नवरीच्या हातात चुडा तीच भरायची. जिनं चुडा भरला तिला जेवायला येऊ नको म्हणायची छाती कुणाची होणार?

दिसायला मात्र बाई काडीपैलवान. डोक्यावर बांगड्यांची टोपली, तोंडात सुपारी आणि चालणं असं झपाझप की टोपलीतल्या काचेची आम्हालाच काळजी वाटे. एवढी बुंदी तिच्या अंगात जाते कुठे, यावर गल्लीतल्या रिकामटेकड्यांनी पुष्कळ डोकं चालवलं होतं.

शेजारच्या कुसुमकाकूंच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा काकूंनी युक्ती केली. जैतूनबीला गोड बोलून थांबवून ठेवलं आणि अगदी शेवटच्या, घरच्या बायकांच्या पंगतीत बसवलं. पाहुण्यांच्या पंगती चटचट उठल्या, बुंदीचं टोपलं तसंच राहिलं आणि काकू खुशीत आल्या. तेवढ्यात मांडवात कुजबुज सुरू झाली की वरमाई रुसल्यात, जेवणात मजा नाही आली म्हणतात. काकूंचा चेहरा उतरला.

मग आम्ही बसलो. मी जैतूनबीच्या शेजारीच होते. ती कुणाला आग्रह करत नव्हती, कुणाच्या ताटात पाहतही नव्हती. भाताचं आळं करायची, त्यात वरण ओतायची आणि बोटांनी इतक्या निवांतपणे कालवायची की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. मिरचीचा तुकडा तोडून डोळे मिटायची. घास हातात धरून वणीच्या एका सासू-सुनेचं भांडण सांगायची आणि ते भांडण संपेपर्यंत आमच्या ताटात आणखी एक पोळी येऊन संपलेली असायची. बुंदीचं टोपलं रिकामं झालं. जैतूनबी दीड पोळी आणि मूठभर भात खाऊन उठली. मी किती खाल्लं ते इथे सांगत नाही.

काकू कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. इतकी वर्षं आपण चोर समजून भलत्याच बाईवर नजर ठेवली, हे त्यांना तेव्हा कळलं. जैतूनबीला हे सांगितल्यावर ती पदरात तोंड लपवून हसली. "मी कुठी खाते बेटा? मी बसते. खाता तर तुमी," म्हणाली. आणि वर, "पोटाले काई समजत नाई. बाजूवालीचा हात चालला का आपला चालते."

तिचं स्वतःचंही तसंच होतं. तिला एकटीनं जेवता येत नसे. दुपारी ज्या घरी बांगड्या भरत असेल तिथेच ओसरीवर डबा उघडायची आणि आजूबाजूच्या चार जणी आपापली चून-भाकर घेऊन यायच्या. नवरा लवकर वारलेला, सून सकाळीच कामावर जाणारी. ही भुकेपेक्षा सोबतीसाठी जास्त फिरते, असं आई म्हणायची.

पण त्या चार जणींत आई कधी नसायची. बाबा कोळशाच्या खाणीत होते. दुपारी दीडला त्यांच्या सायकलची घंटी वाजली की आई तवा ठेवायची, त्यांना गरम वाढायची, त्यांचं झालं की ताट विसळायची आणि मग ओट्याशी उभ्यानंच स्वतःचं उरकायची.

एका हिवाळ्यात बाबा गेले. अचानकच. त्यानंतर आईचं जेवण सुटलं. शेजारणी डबे आणायच्या, मी चंद्रपूरच्या नोकरीवरून सुट्टी काढून आलेली, मोठ्या ताटात डोंगर वाढून पुढे ठेवायचे. आई ते ताट पाहूनच म्हणायची, पोट भरलं. ब्लाऊज खांद्यावरून घसरायला लागले. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. मला रात्री झोप लागत नसे. बाबांच्या मागोमाग आईही जाते की काय, या भीतीनं मी हादरून गेले होते.

विधवेच्या उंबऱ्यावर बांगडीवालीनं इतक्यात फिरकू नये असा आमच्याकडे रिवाज. जैतूनबीनं तो अर्धा पाळला. टोपली घरी ठेवली आणि दीडच्या ठोक्याला रिकाम्या हातांनी आली, सरळ चुलीपाशी बाबांच्या पाटाशेजारी बसली. म्हणाली, सकाळपासून अन्नाचा कण नाही पोटात, भाकर टाका बाई. आईला उठावंच लागलं. कितीतरी दिवसांनी तवा चुलीवर चढला.

पहिले काही दिवस आई नुसती वाढत होती. मग एका दुपारी जैतूनबीनं शेवटचा घास ताटात ठेवला आणि हात थांबवला.

"काऊन वो, पुरे झालं?" आईनं विचारलं.

"नाई. तुमचं ताट कुठी हाय? तुमी बसल्याबिगर मी उठत नाई. हात वाळला तरी चालन."

पाहुणी अर्धवट ताटावर खोळंबलीय, हे आईला सहन होणं शक्यच नव्हतं. ती बसली. मी ताट घ्यायला उठले तर जैतूनबीनं मला नजरेनंच अडवलं आणि एका चहाच्या बशीत दोन घास भात आईपुढे सरकवला. बशी संपली. नंतर बाहेर येऊन मला हळूच म्हणाली, "तिची भूक त्यायच्या जेवणामागून चालत होती बेटा. आता कोणीतरी आधी जेवाले पाह्यजे."

बशीची वाटी झाली, वाटीचं ताट झालं. वणीच्या सासू-सुनेचं भांडण काही मिटत नव्हतं. मी चंद्रपूरला परत रुजू झाले आणि रविवारी तेवढी घरी येऊ लागले.

अशाच एका रविवारी दीड वाजला, दोन वाजले, जैतूनबी आली नाही. आई दारात जाऊन पाही, परत येई. मी म्हटलं, चल, आपण दोघी बसू. आई ऐकेना. शेवटी तिनं भाकरी फडक्यात बांधल्या, भाजीचं पातेलं उचललं आणि चपला घातल्या. बाबा गेल्यापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. गल्लीतल्या बायका बघत राहिल्या. त्यांच्याकडे न पाहता ती तरातरा निघाली आणि मी तिच्या मागे.

जैतूनबी गुडघा सुजून खाटेवर पडली होती. आम्हाला पाहून उठायला लागली तर आईनं तिला दाबून बसवलं, पातेलं खाटेवरच ठेवलं आणि जवळजवळ रागावूनच म्हणाली,

"पाय दुखते तर निरोप नाई धाडता येत? केव्हाची वाट पाहून राह्यली मी. मले भूक लागली."