धुऱ्याजवळची कोथिंबीर
परवा नांगरणीत डिझेल आणि चुरगळलेली कोथिंबीर यांचा एकत्र वास आला आणि शिरपूर रस्त्यालगतच्या शेतातली ती सकाळ आठवली. शेजारच्या शेताची मालकीण माझी मैत्रीण होती आणि गावातल्या बायकांना योग शिकवायची. आसनांआधी ती यम-नियम सांगे: दुसऱ्याचं घ्यायचं नाही ते अस्तेय, गरजेपुरतंच ठेवायचं तो अपरिग्रह. मी पहिल्या रांगेत बसून ऐकायचे. त्या दिवशी शेतावर गेले, तर आमच्या दोघींच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, दोन हात माझ्याकडे सरकलेला आणि माझा कोथिंबिरीचा वाफा तिच्या ट्रॅक्टरखाली गेलेला. "अवं बाई, माहा सांबार काहून नांगरला?" मी विचारलं; आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. ती हसली. "दोन हात जागेसाठी एवढी चिडून राह्यली? अपरिग्रह शिकली नं तू? मंग सोड." मी सोडलं नाही. मोजणी करून धुरा परत घेतला आणि तिच्या वर्गाला जाणं थांबवलं. परवा माझाच ट्रॅक्टरवाला म्हणाला, "काकू, तिकून दोन हात घेऊ काय? कोणाले समजते!" मी नाही म्हटलं. ते नाही म्हणणं मी तिच्याकडूनच शिकले, हे मात्र अजून खुपतं.