दुसऱ्यांदा विचारलं असतं तर

आईला जाऊन महिना होत आला. नालवाडीच्या घरी भेटायला येणारी माणसं आता कमी झाली आहेत. दुपारी पुस्तक उघडते आणि त्याच पानावर राहते. आठवतो तो हिंगणघाटचा दिवस.

तेव्हा मी दिल्लीत एका आंतरराष्ट्रीय संस्थेत इंटर्न होते. निरनिराळ्या दूतावासांतले काही अधिकारी कापसातून सरकी वेगळी काढायचं जिनिंग बघायला हिंगणघाटला येणार होते. मी इकडची, म्हणून दुभाषी म्हणून मला सोबत घेतलं. वरिष्ठांनी बजावलं होतं, समोरचा बोलेल तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही.

आईनं फोनवर एकच मागितलं होतं. "मले एक डाव तुया बाजूले बसू दे वं त्या लोकाइत. काय काम करतं तू, पाहू दे."

जरीचं लुगडं नेसून ती एसटीनं आली. कापसाच्या ढिगाजवळ मी एका अधिकाऱ्याचं बोलणं मराठीत सांगत होते, तर ती मागून पुटपुटली, "तो एवढुसं बोलला अन् तू किती लांबवून राह्यली!" मजूर बायका हसल्या. मीही.

जेवणाची वेळ झाली. त्या अधिकाऱ्यांतली एक वयस्क बाई स्वतः आईजवळ आल्या आणि आमच्यासोबत जेवाल का, असं त्यांनी विचारलं. मी ते आईला मराठीत सांगितलं.

"नाई नाई, मी घरूनच जेवून आली. तुम्ही बसा."

आई सकाळी नुसत्या चहावर निघाली होती. आमच्याकडे जेवायला बोलावलं की आधी नाही म्हणतात. पुन्हा म्हटलं तरी नाहीच, पण जरा हळू. मग कोणी हात धरून बसवलं की बसतात. आईचं 'नाही' मी इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी मान हलवली, हात जोडले आणि त्या टेबलाकडे गेल्या. त्यांच्याकडे पुन्हा विचारणं असभ्य असावं.

आई पदर सावरत तिथंच उभी राहिली. मीही क्षणभर थांबले. त्या मागे वळतील असं आम्हा दोघींनाही वाटत होतं. मग मला टेबलावरून हाक आली. माझ्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी होती. 'पुन्हा एकदा विचारा' एवढंच मी त्या बाईंना म्हणायला हवं होतं. पण ते आईचं बोलणं नव्हतं, माझं झालं असतं.

संध्याकाळी बसस्टँडवर आई म्हणाली, "अजून एक डाव म्हटलं असतं त बसलीच असती मी." मग स्वतःच हसली. "त्याइच्यात आग्रह करत नसतीन."

"पुढच्या वेळी," मी म्हटलं. पुढची वेळ आली नाही.

काल पलीकडच्या काकू आल्या होत्या. म्हणाल्या, "तुही माय लय सांगे वं, हिंगणघाटले मोठ्या लोकाइच्या पंगतीत जेवली म्हणून. तुया बाजूलेच बसली होती म्हणे?"

"हो," मी म्हटलं.

"काय काय होतं जेवाले?"

मी सांगू लागले. वरण, भात, वांग्याची भाजी. आईनं भात दुसऱ्यांदा घेतला, असंही सांगितलं.