थेटरातला दुसरा रिमोट

थंडीशी उभा दावा मांडलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही नेमका माझ्याच दवाखान्यात, माझ्याच ऑपरेशन थेटरात, माझ्याच एसीखाली. त्यांना सगळे मामाच म्हणत. कराडातल्या या छोट्या दवाखान्यात मी सर्जन आणि मामा थेटरातले मदतनीस. पेशंटला खाटेवरून टेबलावर घ्यायचं, दिवा फिरवायचा, सलाईनच्या बाटल्या आणून द्यायच्या, एवढीच त्यांची कामं, निदान कागदावर तरी. पण कुणी न सांगता त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतलं होतं. टेबलावर आलेल्या माणसाला गारवा लागू द्यायचा नाही. आता माझंही सांगतो. मी अंगानं भरलेला आणि डोक्यानं तापट. अंगात गाऊन, तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी आणि वर तो दिव्याचा झोत. एसी अठरावर नसला की माझ्या कपाळावरून घाम आणि तोंडातून शिव्या एकदमच सुरू होतात. असे आम्ही दोघं अकरा वर्षं एका खोलीत कसे नांदलो, ते आमचं आम्हांला ठाऊक.

मामा जतकडच्या कोरड्या मुलखातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. बारा महिने खांद्यावर काळी घोंगडी. थेटरात लोकरीला मज्जाव, म्हणून दाराबाहेरच्या खुंटीवर ती अडकवायची, कोपरापर्यंत हात धुवायचे, हिरवे कपडे चढवायचे आणि मगच आत पाऊल टाकायचं, हा त्यांचा रोजचा नेम. घोंगडी बाहेर राहायची, पण तिची ऊब मात्र ते काही ना काही करून आत आणायचेच. ऑपरेशन ठरलं की माझ्या चिठ्ठीआधी नातेवाइकांना मामांची यादी मिळायची. पायमोजे, कानटोपी, जाड पांघरूण, आणि हे सगळं आदल्या दिवसापासून अंगावर. एकदा ऐन मे महिन्यात आष्ट्याचे एक बागायतदार पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आले. फौजेतून रिटायर झालेला गडी, मिशा अशा पीळदार की मलाच दबकून बोलावं लागत होतं. यादी बघून ते भडकले. "आवं मामा, मे म्हैना हाय! टोपी कसली घालताय?" मामा शांतपणे म्हणाले, "म्हैना भाईर हाय. आत म्हैना नसतोय." फौजी म्हणाले, "मी बर्फात ड्युटी केलीया, बर्फात!" मामा म्हणाले, "केली असंल की. पर तवा तुमी सुदीत हुता न्हवं?"  तासाभरात फौजी कानटोपी घालून खाटेवर बसले आणि बायको पदरानं स्वतःला वारा घालत त्यांच्याकडे बघून हसत होती. पुढं पुढं आमच्या समोरच्या मेडिकलवाल्यानं भर उन्हाळ्यात दारात कानटोप्या टांगायला सुरुवात केली. नवखी माणसं त्याला वेड्यात काढायची.

पण खरं युद्ध एसीचं. मी अठरा करायचो, आणि टाके घालायची वेळ येईतो खोलीची भट्टी झालेली असायची. बघावं तर आकडा चोवीसवर. रिमोट तर माझ्यासमोर भिंतीला टांगलेला! मी मेकॅनिकला बोलावलं. त्यानं एसी उघडला, पुसला, लावला आणि म्हणाला, काही बिघाड नाही. दुसऱ्यांदा बोलावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी त्याच्यावर एवढा ओरडलो की बिचारा हत्यारं विसरून पळाला. मधूनमधून कुठून तरी 'टीं' असा बारीक आवाज यायचा. मी विचारलं, "मामा, हे काय वाजतंय?" मामा म्हणाले, "चिमनी आसंल, सायेब." चार भिंतींच्या बंद थेटरात चिमणी! आणि मी, एवढा शिकलेला माणूस, महिनाभर त्या चिमणीवर विश्वास ठेवून होतो. शेवटी एके दिवशी मामा पेशंटला उचलायला वाकले आणि त्यांच्या खिशातून एक रिमोट खाली पडला. कोरेगावच्या बाजारातून आणलेला, वर प्लास्टिकची पिशवी बांधून नीट पुसून ठेवलेला. मी लालबुंद झालो. "मामा, हा दवाखाना माझा आहे का तुमचा?" मामा म्हणाले, "दवाखाना तुमचाच हाय, सायेब. पर टेबलावरचा मानूस कुनाचा?" मी पाय आपटत टेबलाकडे वळलो आणि रिमोट पुन्हा मामांच्या खिशात गेला. कपाळ!

खरं सांगायचं तर मामांचं शास्त्र मला ठाऊक नव्हतं असं नाही. पुस्तकात आम्हीही वाचलं होतं. वाचलं आणि परीक्षेबरोबर सोडून दिलं. ते मला पुन्हा शिकवलं ते आमच्याकडे नव्यानं येऊ लागलेल्या भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण जीभ कात्रीसारखी. पहिल्याच दिवशी त्यांनी मॉनिटरवर पेशंटचं तापमान लावलं आणि मला म्हणाल्या, "सर, भूल दिली की माणसाला कुडकुडताही येत नाही. अंग गार पडलं की कातडीतलं रक्त आखडतं, जखमेला प्राणवायू कमी पोचतो, जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात. मग टाके पिकतात आणि आपण नर्सला ओरडतो. अंगाचं तापमान छत्तीस अंशांच्या खाली मी जाऊ देणार नाही." मामा कोपऱ्यातून ऐकत होते. म्हणाले, "म्या धा वर्सं हेच वरडतोया. गारठलं की रगात आत पळतंय. जखमंला कोन वाली ऱ्हात न्हाई." बाईंनी वळून त्यांना नमस्कार केला. मला त्या दिवसापर्यंत कुणी केला नव्हता! मग गरम हवेनं फुगणारं कागदी पांघरूण आलं, सलाईन कोमट करायची पेटी आली, आणि मामांचा दुसरा रिमोट राजरोस भिंतीवर पहिल्याशेजारी लटकू लागला. हात धुणं, वेळेवर औषध हे आमचं चालू होतंच. पण ऊब आल्यापासून ड्रेसिंगला पुन्हापुन्हा येणाऱ्यांची रांग ओसरली, हे मी तापट असलो तरी खोटं कसं म्हणू?

आणि मग मामाच आजारी पडले. हर्निया. किती दिवस दाबून ठेवला होता देव जाणे. त्यात साखर, म्हणजे मधुमेह. अशा माणसाची जखम पिकली तर महिनोनमहिने भोग, आणि आधाराला आत बसवलेली जाळीही काढावी लागायची. मामांना त्याच वर्षी रिटायर होऊन गावी जायचं होतं. भावाच्या कळपातली चाळीस मेंढरं त्यांची वाट बघत होती. आदल्या दिवशी माझ्या खोलीत येऊन त्यांनी भिंतीवरून काढून आणलेला तो दुसरा रिमोट टेबलावर ठेवला. "ह्यो तुमच्याकडं ठेवा, सायेब. टाका पिकला तर मेंढरामागं चालायचं कसं? मानूस चालत असंल तर धनगर, बसला की संपला." मी म्हटलं, "मामा, एवढा गारव्याचा राग कशापायी?" तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. लग्न नुकतंच झालेलं. मेंढरं धुऊन कातरलेली. कातरलेल्या मेंढराला वारं लागू द्यायचं नसतं, म्हणून बापानं यांना कळप बांधाच्या आडोशाला घालायला सांगितलेलं. मामा मेंढरं उघड्यावर सोडून कुस्त्या बघायला गेले. दुपारी वारं सुटलं, वर गारांचा मारा. परत आले तर नऊ मेंढरं आडवी. "बा बोलला न्हाई काय बी. मारलं असतं तर बरं झालं असतं," मामा म्हणाले. "तुमच्या टेबलावर मानूस येतंय न्हवं, कापडं काढून? मला ते कातरलेलंच दिसतंय."  मी रिमोट खिशात घातला आणि उगाचच नर्सवर ओरडलो.

ऑपरेशनच्या दिवशी गंमत झाली. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिलेली, मामा जागे. मी गुपचूप एसी बंद केला. नर्सनं मला न सांगता पांघरुणं गरम करून दोन जादा घातली. बाईंनी कुणाला न विचारता गरम हवेच्या यंत्राचा आकडा वर नेला. प्रत्येकाला वाटलं, मामांची काळजी घेणारा आपण एकटाच! वीस मिनिटांत मामांच्या कपाळावर घाम डवरला. पडद्याआडून आवाज आला, "सायेब, मी मेंढरू हाय. भाकरी न्हवं. भाजाय लागलासा की मला!" बाईंनी मॉनिटर बघितला आणि आम्हा दोघांना असं झापलं की मास्कमागं माझं तोंड लहान मुलासारखं झालं. पांघरुणं उतरली, यंत्राचा आकडा खाली आला. माझा मात्र अंघोळ केल्यागत घाम गळत होता, नर्स टिपून टिपून दमली. तेव्हा मामा म्हणाले, "एसी लावा, सायेब." मी म्हटलं, "नको मामा." "आवं लावा. माझं अंग झाकल्यालं हाय. तुमचा घाम माझ्या जखमंत पडंल न्हाई तर!" अकरा वर्षांत मामांनी पहिल्यांदा एसी लावायला सांगितला, आणि तोही माझ्यासाठी. डोळ्यांत घाम गेला असं मी नर्सला सांगितलं. तिनं माझे डोळेही टिपले.

जखम अशी कोरडी भरली की दाखवून फी घ्यावी. दहाव्या दिवशी टाके काढले, आणि तिसऱ्या महिन्यात मामा घोंगडी खांद्यावर टाकून जतच्या गाडीत बसले. दारात मला म्हणाले, "सायेब, रागावू नगा कुनावर लय." मला त्यांना थांबा म्हणायचं होतं. पण मीच त्यांना चालण्याजोगं केलं होतं, आता कुठल्या तोंडानं अडवू? हल्ली फोनवर मागून मेंढरांचा गलका येतो आणि मामा पहिलं विचारतात, "कितीवर हाय?"

खुंटी रिकामी आहे. दुसरा रिमोट पुन्हा भिंतीवर आहे. ऑपरेशनला उभा राहिलो की सवयीनं मी "अठरा करा" म्हणतो आणि कान देऊन थांबतो. चिमणी काही वाजत नाही. मग मीच म्हणतो, "चोवीस करा."