सुक्या बोंबलांचे अपूर्णांक

"सर, एक मिनिट. तो व्हिडिओ थांबवा प्लीज. या वेळी लोक जेवायला बसलेले असतात. थोडं भान ठेवा."

मॅडम हे हसत म्हणाल्या. शनिवारी दुपारी, ऑनलाइन बैठकीत, शंभरेक शिक्षकांसमोर. स्क्रीनवर माझी आई होती. माझ्या पाचवीच्या वर्गात जमिनीवर कागद पसरून ती सुक्या बोंबलांचे वाटे लावत होती आणि मुलं भोवती वाकून बघत होती.

चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, "मॅडम, नेटवर्कमधूनसुद्धा वास येतोय." त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

मी म्हणालो, "सॉरी मॅडम. चूक झाली."

आई माझ्या शेजारीच बसली होती, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. लालबागच्या आमच्या खोलीत. शिक्षक लोक आपल्याला बघणार म्हणून इस्त्रीची साडी नेसून. ती हळूच म्हणाली, "माका कित्याक दाखवलंस रे?"

माईक चालू होता. मी दबक्या आवाजात म्हणालो, "गप बस."

मॅडमनी माझा अपमान केला तो मी सांगतोच आहे. पण हे "गप बस" माझं आहे.

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो. आई सुकी मासळी घेऊन नाक्यावर बसायला लागली. तिच्या वाट्यांवर माझं डी.एड. झालं. आज मी लोअर परळला पालिकेच्या मराठी शाळेत शिकवतो. वर्गातल्या मुलांना अपूर्णांक म्हटलं की घाम फुटतो. म्हणून एकदा आईला वर्गात आणलं. एका वाट्यात बारा बोंबील. अर्धा वाटा म्हणजे किती? पाव वाटा म्हणजे किती? आई हाताने बाजूला काढून दाखवायची आणि मुलं ओरडून उत्तर द्यायची. एकही चुकलं नाही. वीस वर्षांच्या नोकरीत असा तास मला मिळाला नव्हता.

तो मी ग्रुपवर नेला. शिक्षकांनी शिक्षकांकडून शिकायचं, असा तो ग्रुप. संचालिका या मॅडम. गिरगावातलं जुनं घराणं, दादरच्या मोठ्या खाजगी शाळेत नोकरी. खोटं कशाला बोलू, त्या ग्रुपवर मी खूप शिकलो. त्यांनी "छान सर" लिहिलं की दिवसभर मला पंख फुटायचे. पन्नाशीच्या माणसाला.

त्या शनिवारनंतर त्यांचा मेसेज आला. "संकल्पना सुंदर आहे सर. फक्त उदाहरण सर्वांना चालेल असं घ्या. पिझ्झा वगैरे. सात्त्विक काहीतरी."

पिझ्झा सात्त्विक. माझी आई असात्त्विक. मी हे वाचलं आणि उत्तर पाठवलं, "नक्की मॅडम. धन्यवाद."

पुठ्ठ्याचा पिझ्झा केला. रंगवला, आठ तुकडे पाडले. तोच पाठ पुन्हा रेकॉर्ड केला, आईशिवाय. मॅडमनी तो सगळ्या ग्रुपांवर फिरवला. मला 'उपक्रमशील शिक्षक' असं ऑनलाइन प्रमाणपत्र मिळालं. ते मी स्टेटसला ठेवलं. आईने विचारलंसुद्धा नाही कशाबद्दल मिळालं ते.

वर्गात तो पुठ्ठा काढला तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, पिझ्झा आपण कापत नाही. कापूनच येतो. माझे पप्पा डिलिव्हरीला असतात ना. आणि सर, आजी कधी येणार?"

मी तिला म्हणालो, "फळ्याकडे बघ."

मग एका शनिवारी ग्रुपवर नवीन आलेली एक शिक्षिका बोलायला उभी राहिली. कफ परेडच्या मच्छीमार नगरातली, तिथल्याच मुलांना शिकवणारी. तिचा पाठ गुणाकाराचा होता. बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या ओळी, एका ओळीवर किती, अशा ओळी किती. तिने जेमतेम दोन फोटो दाखवले असतील.

मॅडम हसल्या. तेच हसू. "ताई, तुमची तळमळ कळते हं. पण आपल्याकडे एक फार चांगलं उदाहरण आहे. सर, तुम्हीच सांगा ना यांना, तुम्ही तुमच्या पाठात कशी सुधारणा केलीत."

स्क्रीनवर माझा चौकोन मोठा झाला. सगळे माझ्याकडे बघत होते. ती पोरगीही बघत होती, वही-पेन घेऊन. मी सांगेन ते ती लिहून घेणार होती.

ही बाई मला हत्यार म्हणून वापरत होती, आणि त्या हत्याराची धार मीच लावून दिली होती.

मी म्हणालो, "मी सुधारणा केली नाही. मी घाबरलो. माझ्या पहिल्या पाठात माझी आई होती. तुम्हाला तिची किळस आली म्हणून मी तिला काढून टाकलं. ताई, यातलं काही लिहून घेऊ नका. तुमचा पाठ बरोबर आहे."

"सर, किळस हा शब्द मी वापरलेला नाही."

"नाही वापरलात. तुमचं काम हसून भागतं."

"तुम्ही पर्सनल होताय सर."

"माझी आई आहे ती, मॅडम. पर्सनलच आहे."

माझा आवाज बंद केला गेला. पाच मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. ज्यांनी वर्षभर माझ्या पाठांना अंगठे दिले होते, त्यांच्यातला एकही बोलला नाही. त्यांना काय दोष देऊ? दुसऱ्या कुणाचा व्हिडिओ थांबवला असता तर मीही बोललो नसतो.

माझ्याकडचा पिझ्झाचा व्हिडिओ मी पुसला. पण तो आता माझ्या हातात राहिलेला नाही. कुठल्या कुठल्या शाळांत फिरतोय. परवा एका अनोळखी शिक्षकाने तो मलाच पाठवला, "मस्त आहे, वापरून बघा" म्हणून.

त्याला मी उत्तर लिहिलं. यापुढे जिथे जिथे तो दिसेल, ज्या ग्रुपवर, ज्या पानावर, तिथे त्याच्याखाली लिहिणार आहे. माझं नाव घालून, शाळेचं नाव घालून. हा पाठ खोटा आहे. आईची लाज वाटलेल्या एका मुलाने तो केला आहे. तो मुलगा मी आहे. हा पाठ वापरू नका.

काढून टाकतील. मी पुन्हा लिहीन.